कुंभारजुव्याच्या कालव्यात मगर, पाणमांजर आणि खंड्या: ओहोटी बघून आखायची होडीची फेरी

मांडवी आणि झुआरी या गोव्याच्या दोन मोठ्या नद्यांना कुंभारजुव्याचा कालवा जोडतो. लांबी साधारण १५ किलोमीटर, एका अंगाला तिसवाडी, दुसऱ्या अंगाला फोंडा तालुका, आणि काठांना कांदळवन. मगर मुळात गोड्या पाण्यातला प्राणी, पण इथे ती भरतीच्या खाऱ्या-मचूळ पाण्यात राहते, हे या कालव्याचे वेगळेपण. जवळच मांडवीत चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. ते १९८८ साली जाहीर झाले आणि त्याचे क्षेत्र जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर आहे. दोन्ही जागा पणजीपासून जवळ, दोन्हीकडे होडीनेच खरे बघणे होते.

तरीही अडीच तास पाण्यात फिरून दोन घारी आणि एक बगळा बघून परत येणारे पर्यटक इथे नेहमी दिसतात. नशीब वाईट, असे ते समजतात. बहुतेक वेळा कारण एवढेच असते की ते ऐन भरतीला गेलेले असतात. पाणी काठोकाठ भरले की मगरीला अंग टाकायला चिखल उरत नाही, ती कांदळाच्या मुळांमागे सरकते. तुतवार, टिवळे, कोरल या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांचे खाणे पाण्याखाली जाते आणि ते दुसरीकडे उडून जातात. खेकडे आणि निवटी (चिखलावर सरपटणारे छोटे मासे) बिळात किंवा मुळांवर. म्हणून सगळी आखणी सुरू होते ती पाण्याच्या वेळेपासून. होडी, दुर्बीण, कॅमेरा हे त्यानंतर.

आधी तिथी, मग तारीख

कोकणात कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीला तीनने गुणायचे, चारने भागायचे, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला ४ गुणिले ३ म्हणजे १२, भागिले ४ म्हणजे ३. दुपारी तीनला आणि रात्री तीनच्या सुमारास भरती. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे चतुर्थीला सकाळी नऊच्या आसपास. गोव्यातले नावाडी ओहोटीला 'सुकती' म्हणतात. फोनवर बोलताना हा शब्द वापरला की काम सोपे होते.

हा हिशेब ढोबळ आहे. मुंबईच्या मानाने गोव्याच्या किनाऱ्यावर भरती जरा आधी येते, आणि समुद्रापासून नदीत जितके आत जावे तितकी उशिरा पोचते. कालव्याला तर मांडवी आणि झुआरी अशा दोन्ही टोकांकडून भरती लागते. तेव्हा तिथीवरून दिवस ठरवावा, मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून वेळ बघावी, आणि शेवटी नावाड्याला विचारावे, 'बाणस्तारीच्या पुलाखाली सुकती किती वाजता?' रोज त्या पाण्यावर असणाऱ्या माणसाचे उत्तर तक्त्यापेक्षा भरवशाचे. दुसऱ्या दिवशी हीच वेळ पाऊण-एक तास पुढे जाते, हे लक्षात ठेवावे; 'काल आठला चिखल दिसत होता' याचा आज उपयोग नाही.

मगरींसाठी सर्वांत चांगले दिवस म्हणजे तृतीया ते षष्ठी, कोणत्याही पक्षातले. या दिवसांत ओहोटी सकाळी साधारण आठ ते साडेदहा या वेळात पडते. त्याच वेळी ऊन चिखलावर येते आणि रात्रभर पाण्यात गार झालेली मगर अंग तापवायला बाहेर पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी दोन मीटरच्या आसपास वरखाली होते आणि चिखल भरपूर उघडा पडतो, पण ओहोटी भल्या पहाटे येऊन जाते. मगर ऊन शोधत वर येईपर्यंत पाणी पुन्हा चढू लागलेले असते. उलट सप्तमी-अष्टमीला ओहोटीची वेळ अकरा-बारा, आणि हे भांगाचे दिवस असल्याने पाणी फारसे उतरतच नाही. चिखलाची अरुंद पट्टी उघडते, तीवरही मगर दिसते, पण कमी. दशमी ते त्रयोदशीला सकाळची होडी घेऊच नये, तेव्हा पूर्ण भरती असते. ते दिवस दुपारच्या फेरीचे.

चिखलावर चरणारे स्थलांतरित पक्षी बघायचे असतील तर मात्र गणित बदलते. त्यांना ऊन लागत नाही, उघडा चिखल लागतो. अमावास्या किंवा पौर्णिमेपासून तृतीयेपर्यंतची पहाट त्यांच्यासाठी उत्तम.

एक बारकावा तक्ता बघताना: दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. ज्या ओहोटीपुढे मीटरचा आकडा लहान, ती जास्त खोल. दोन तारखांमधून निवड करायची असेल तर सकाळच्या ओहोटीचा आकडा जिथे लहान आहे ती घ्यावी.

महिना डिसेंबर ते फेब्रुवारी. रात्री गारवा असतो म्हणून मगरी सकाळी जास्त वेळ उन्हात पडून राहतात, आणि उत्तरेकडून आलेले पक्षीही तेव्हाच असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी अजून गढूळ असते पण हिरवाई सुरेख. मार्चपासून ऊन लवकर तापते, मगर नऊलाच पाण्यात उतरते. पावसाळ्यात जाऊ नये. पाण्याला ओढ, वरून पाऊस, आणि चिखल तर दिसतच नाही.

होडी ठरवताना काय विचारायचे

रायबंदर, जुने गोवे, बाणस्तारी या भागांतून होड्या निघतात. मोठ्या, गाणी लावणाऱ्या, तीस-चाळीस माणसांच्या बोटीतून पक्षी मोजता येतील, मगर नाही. छत असलेली फायबरची सहा ते आठ आसनांची होडी कालव्यासाठी पुरेशी आहे. चोडणच्या अभयारण्यातल्या अरुंद नाल्यांत मात्र वल्ह्याची किंवा अगदी लहान इंजिनाची होडी हवी.

फोनवर पाच गोष्टी विचाराव्यात. इंजिन फोर-स्ट्रोक आहे का (टू-स्ट्रोकचा आवाज आणि धूर दोन्ही जास्त). वाटेत इंजिन बंद करून थांबणार का. वल्हे किंवा बांबू बरोबर असतो का, कारण इंजिन बंद केल्यावर होडी तोलायला तोच लागतो. सगळ्यांना पुरतील एवढी लाइफ जॅकेटे आहेत का, लहान मुलांच्या मापाची वेगळी. आणि निघायची वेळ आपल्या ओहोटीप्रमाणे ठेवतील का. शेवटच्या प्रश्नाला 'आमची फेरी रोज नऊलाच निघते' असे उत्तर आले तर तो नावाडी प्रवासी वाहतो, प्राणी दाखवत नाही, असे समजावे. शक्य असेल तर आसने घेण्याऐवजी आख्खी होडी घ्यावी. चार-पाच जणांत वाटली की फार महाग पडत नाही, आणि कुठे किती थांबायचे हे आपल्या हाती राहते.

काही नावाडी मगर हमखास दाखवायची म्हणून कोंबडीचे तुकडे टाकतात. ते आधीच ठामपणे नको म्हणावे. होडी आली की खायला मिळते, हे मगरीच्या डोक्यात बसले की ती होड्यांच्या जवळ येऊ लागते. त्याची किंमत पर्यटक मोजत नाही. त्याच पाण्यात कमरेएवढे उतरून जाळे लावणारा आणि शिंपल्या काढणारा माणूस मोजतो.

बरोबर काय घ्यायचे

दुर्बीण ८×४२ घ्यावी, १०×४२ नको. दहापट मोठे दिसते हे खरे, पण होडीची थरथरही दहापट होते, आणि दृश्याचा घेर लहान झाल्याने उडता खंड्या सापडतच नाही. आठपटीच्या भिंगातून डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा गोल सव्वापाच मिलिमीटरचा असतो (४२ भागिले ८), दहापटीचा चार मिलिमीटरच्या जरा वर. कांदळवनाच्या सावलीत सकाळी सातला हा फरक डोळ्यांना कळतो.

कपडे मळकट रंगाचे, मातकट किंवा फिके हिरवे. पांढरा शर्ट पाण्यावर लांबून चमकतो. टोपीला दोरी हवी, उडालेली टोपी काढायला वाकणे हा होडी कलंडायचा सोपा मार्ग. फोन आणि पाकीट चेनच्या प्लास्टिक पिशवीत. पाणी माणशी एक लिटर. अडीच-तीन तास उतरता येत नाही, तेव्हा निघण्याआधी धक्क्यावर किंवा हॉटेलवर जाऊन यावे. हे सांगायला अवघड वाटते, पण मुलांबरोबर फेरी अर्ध्यावर सोडावी लागते ती यामुळेच. खाणे कुरकुरीत पुड्यातले नको. त्या पुड्याचा आवाज शांत पाण्यावर इंजिनइतकाच लांब जातो.

फेरीचा क्रम

चतुर्थी आहे, कालव्यात ओहोटी सकाळी नऊला, असे धरून चालू. होडी साडेसातला सुटायला हवी, म्हणजे ओहोटीच्या दीड तास आधी. जानेवारीत गोव्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पहिल्या तासात पाणी उतरत असते, चिखल ताजा उघडा पडत असतो, आणि त्यावरची प्रत्येक खूण त्याच सकाळची असते. पहाटेची की कालची, हा घोळ राहत नाही.

बसायचे पुढे, बाकाच्या मध्यावर, खाली. उभे राहिले की आकाशावर माणसाची काळी आकृती उठते आणि काठावरचे सगळे सावध होते. दुर्बीण सुरुवातीला डोळ्याला लावूच नका. आधी नुसत्या डोळ्यांनी काठ तीन पट्ट्यांत वाचायचा: पाणी आणि चिखल जिथे मिळतात ती रेघ, तिच्यावरचा उतार आणि मुळे, मग झाडांचे शेंडे. नवखा माणूस शेंड्यांकडेच बघत राहतो. मगर, पाणमांजर, लहान बगळे, खंड्याची झडप, हे सगळे पहिल्या दोन पट्ट्यांत असते. काहीतरी वेगळे वाटले की नजर त्यावरून न हलवता दुर्बीण वर आणायची. खाली बघून दुर्बीण उचलली की जागा हरवते.

बोटाने दाखवू नये. हात झटकन लांब केला की पक्षी उडतो. त्याऐवजी होडीचे नाक म्हणजे घड्याळातले बारा धरावे आणि हळू आवाजात सांगावे: 'दोनवर, मुळांपाशी.' मुलेही हे पाच मिनिटांत शिकतात.

कालवा ढोबळमानाने उत्तर-दक्षिण आहे. सकाळचे ऊन पूर्वेकडून येते आणि आधी पश्चिमेच्या काठावर पडते. म्हणून सकाळी मगर शोधायची ती पश्चिम काठाला, आणि होडी ठेवायची पूर्वेच्या अंगाने. सूर्य पाठीशी राहतो, पाण्याची चमक डोळ्यात जात नाही, फोटोही नीट येतात. दुपारच्या फेरीला हे उलटे. नावाडी सवयीने मधोमध चालवतो, त्याला सांगावे लागते.

पाण्याच्या ओढीची दिशा एकदा विचारून घ्यावी. जाताना ओढीच्या विरुद्ध इंजिनावर जावे, परतताना इंजिन बंद करून ओढीबरोबर वाहत यावे. परतीतच जास्त दिसते. ओहोटीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत पाणी सर्वांत जोरात पळते, पहिल्या आणि शेवटच्या तासात जवळजवळ थांबते. वाहत येण्यासाठी फार जोर असेल तर होडी काठाशी तोलता येत नाही. शेवटचा तास बरा.

मगर

कोकणात आणि गोव्यात नावाडी 'सुसर' म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा मगरच म्हणायची असते. लांब, निमुळत्या तोंडाची खरी सुसर इकडच्या नद्यांत नाही. खाऱ्या पाण्यातली मोठी मगर भितरकनिका, सुंदरबन आणि अंदमानात. कालव्यातली मगर रुंद तोंडाची, साधारणपणे तीन-साडेतीन मीटरपर्यंत वाढणारी. कोंकणीत तिला 'माणगें' म्हणतात. दुर्भाट-बोरीच्या बाजूला पौष अमावास्येला शेतकरी चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात, त्याला माणगे थापणी म्हणतात. खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधांवर पिढ्यान्‌पिढ्या मगरीच्या शेजारी शेती केलेल्या माणसांची ही रीत आहे, आणि इथे मगरी टिकून राहण्यात तिचा वाटा आहे असे मानायला जागा आहे.

शोधताना आधी मगर नव्हे, तिची घसरण शोधावी. मऊ उतारावर हातभर रुंदीचा गुळगुळीत पट्टा वरून पाण्यापर्यंत आलेला असतो, मधून शेपटीची बारीक चर, दोन्ही बाजूंना पंजांचे खळगे. पट्टा ओला-चकचकीत आणि कडा धारदार असतील तर ती नुकतीच गेली आहे. होडी शंभरेक मीटर मागे घेऊन पंधरा मिनिटे थांबावे. ती बरेचदा त्याच जागी परत चढते.

चिखलावर पडलेली मगर रंगाने दिसत नाही. ओली असते तेव्हा काळपट, सुकली की चिखलासारखीच राखाडी. डोळ्याला सापडते ती तिची आडवी रेघ. कांदळवनात सगळे उभे किंवा वाकडे असते, मुळे, फांद्या, खुंट. त्यात सरळ आडवे, एका टोकाला निमुळते होत गेलेले काही दिसले की तिथे दुर्बीण लावावी. तिथे नारळाचा ओंडका निघेल, कधी घोरपड निघेल. घोरपडीची मान लांब आणि डोके सतत हलते. मगर दगडासारखी पडून असते.

पाण्यात असेल तर नाकपुड्यांचा एक उंचवटा आणि मागे डोळ्यांचे दोन, एवढेच वर. तरंगते लाकूड की मगर, हे ठरवायची एक खात्रीची रीत आहे. काठावरचे एखादे झाड खूण म्हणून धरून दोन मिनिटे बघत राहा. लाकूड ओढीबरोबर सरकते. मगर पाय हलवून जागच्या जागी राहते किंवा ओढीच्या विरुद्ध जाते.

दिसली की इंजिन शंभर मीटर आधी बंद. बांबूने किंवा ओढीवर सरकत २५ ते ३० मीटरपर्यंत जावे, त्याहून जवळ नाही. सरळ तिच्याकडे नाक करून जाऊ नये; तिरके, जणू पुढे निघून जातो आहोत अशा रेषेत जावे. उघडे तोंड हा राग नसतो. अंग पुरेसे तापले की ती तोंड उघडून उष्णता सोडते, ते बघायला मिळणे म्हणजे ती निवांत आहे. तोंड मिटून डोके वर उचलले तर थांबायचे. पुढच्या पायांवर अंग उचलले तर उशीर झाला, पुढच्या क्षणी ती पाण्यात. अशी पाण्यात गेलेली मगर त्या सकाळी पुन्हा तितकी जवळ येऊ देत नाही, आणि तुमच्यामागून येणाऱ्या होडीलाही नाही.

फेब्रुवारी ते एप्रिल हा अंडी घालण्याचा काळ. मादी काठावरच्या सुक्या, उंच जमिनीत खड्डा करून अंडी घालते आणि आसपास राहते. या महिन्यांत उंच काठाला होडी लावू नये, खाली उतरू तर मुळीच नये. बिळाची किंवा खड्ड्याची जागा समाजमाध्यमांवर टाकू नये.

हात पाण्यात नको, हे सगळे सांगतात. धुण्याच्या पायऱ्या आणि मासे साफ करण्याचे धक्के यांच्याजवळही हात किंवा पाय नको, हे सांगायचे राहून जाते. तिथे मगरी आतड्यांच्या वासाने येतात.

खाजण, मानस आणि पाणमांजर

कालव्याच्या काठाने मध्येच मातीचा लांब बांध दिसतो आणि त्यात लाकडी फळ्यांचे दार. बांधामागची सखल जमीन म्हणजे खाजण, आणि दार म्हणजे मानस. भरती चढते तेव्हा बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप बंद होते, ओहोटीला आतले पाणी दार उघडून बाहेर पडते. या पाण्याबरोबर मासे आणि कोळंबी येते. म्हणून ओहोटीच्या मधल्या तासांत मानशीसारखी जागा नाही. बगळे रांगेने उभे, खंड्या खांबावर, वर ब्राह्मणी घार. होडी चाळीस मीटरवर बांबू रोवून थांबवावी आणि अर्धा तास नुसते बसावे. सगळ्या फेरीतला हा अर्धा तास कापू नये, नावाडी घाई करेल तरी.

पाणमांजरेही अशाच ठिकाणी. गुळगुळीत पाणमांजर कुटुंबाने राहते, चार-सहा डोकी एकत्र. वेळ सूर्योदयापासून साधारण नऊपर्यंत आणि मग पुन्हा संध्याकाळी. पाण्यावर गोल, चपटे डोके आणि मागे पसरत जाणारी इंग्रजी व्ही आकाराची लाट दिसते. पाणकावळ्याची मान उभी असते आणि चोच वर, पाणमांजराचे डोके पाण्याला चिकटून. बुडताना पाठीची कमान होते आणि शेवटी जाड शेपटी दिसते. कान उघडे ठेवावेत, पिल्ले आणि मोठी एकमेकांना शिट्टीसारख्या बारीक आवाजात साद घालतात. बांधावर माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे असलेली, उग्र वासाची विष्ठा दिसली तर ती त्यांची बैठक आहे. ती बुडाली की पाठलाग करू नये. इंजिन लावून मागे गेलात तर ती कांदळात शिरतात. थांबलात तर कुतूहलाने मान वर काढून तुम्हालाच बघतात.

झाडावरून पक्षी

कांदळवन एकसारखे हिरवे दिसते, पण कोणते झाड आहे हे कळले की तिथे काय शोधायचे तेही कळते. पाण्याच्या अगदी कडेला, कमानीसारखी मुळे टेकलेले ते कांदळ. त्या कमानींखाली हिरवट-राखाडी छोटा बगळा पाय दुमडून बसलेला असतो, इतका स्थिर की मूळच वाटतो. पेन्सिली रोवल्यासारखी मुळे चिखलातून वर आलेली असतील तर वर तिवर आहे. त्या मुळांत निवटी आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे, आणि त्यांच्यामागे तुतवार. चिप्पीच्या फांद्या पाण्यावर झुकतात, त्यांवर खंड्या बसतो. आणि काटेरी पानांची, निळ्या फुलांची झुडपे म्हणजे मारंडी, तिच्या आडोशाला भरतीच्या वेळी मगर.

खंड्यांसाठी हा भाग फार समृद्ध आहे. तपकिरी डोके, पांढरी छाती, निळे पंख असलेला नेहमीचा खंड्या तारेवरही दिसेल. चिमणीपेक्षा जरा मोठा, पाण्याला लागून निळ्या रेघेसारखा जाणारा तो छोटा. काळा-पांढरा, हवेत एका जागी फडफडून सरळ खाली पडणारा तो बंड्या. कबुतराएवढा, मोठ्या लाल चोचीचा तो घोंग्या. तो दिसण्याआधी ओरडतो. काळ्या टोपीचा, जांभळट-निळ्या पाठीचा आणि लाल चोचीचा खंड्या हिवाळ्यात कांदळवनात असतो आणि फार बुजरा, होडी वळणावर यायच्या आत निघून जातो; म्हणून वळणाआधी इंजिन बंद. यातला खरा मौल्यवान म्हणजे पांढऱ्या गळपट्ट्याचा. निळा-हिरवट वरून, शुभ्र खालून, चोच काळपट. पश्चिम किनाऱ्यावर तो मोजक्याच ठिकाणी दिसतो, चोडणचे कांदळवन त्यांपैकी एक.

वर बघायचे ते परतीच्या वाटेवर, ऊन चढल्यावर. विटकरी पंख आणि पांढरे डोके ही ब्राह्मणी घार. तिचे तपकिरी पिल्लू साध्या घारीसारखे दिसते, पण साध्या घारीची शेपटी खाचेची आणि हिची गोलसर. डोळ्यावरून काळी पट्टी गेलेला, पाय पुढे करून पाण्यात कोसळणारा तो मासेमार गरुड, ऑस्प्रे. पकडलेला मासा तो नेहमी डोके पुढे करून नेतो. पंख उथळ व्ही आकारात धरून घिरट्या घालणारा भला मोठा राखी-पांढरा पक्षी म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. चोडणला टक्कल असलेला, वाकून चालणारा लेसर ॲडज्युटंट करकोचाही दिसतो, चिखलाच्या आतल्या पट्ट्यात एकटाच.

फोटो

होडीत ट्रायपॉड लावू नये, इंजिनाची थरथर सरळ कॅमेऱ्यात जाते. कोपर बरगडीला टेकवून हातात धरणे बरे. बसलेल्या प्राण्यासाठी शटर १/१००० सेकंदाच्या खाली जाऊ देऊ नये, उडणाऱ्यासाठी १/२०००. आयएसओ आपोआपवर. पांढरा बगळा उन्हात जळून जातो, म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक पायरी कमी. मगरीला ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स पुरते. मोबाइलने काढायचा हट्ट धरला की होडी जवळ न्यायचा हट्ट मागोमाग येतो. ड्रोन उडवू नये.

चोडणची फेरी वेगळी का

अभयारण्यातले नाले ओहोटीला कोरडे पडतात. तिथे होडी चढत्या पाण्यावरच शिरते. कोणत्याही अरुंद नाल्याला हाच नियम आहे. चढत्या पाण्यावर आत गेलात आणि होडी टेकली तर पाणीच तुम्हाला उचलते. उतरत्या पाण्यावर टेकलात तर कंबरभर चिखलात सहा-आठ तास.

म्हणजे त्याच चतुर्थीला दोन्ही जमतात. साडेदहाला कालवा संपवावा, रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जावे, वनखात्याच्या कार्यालयात तिकीट काढावे (कॅमेऱ्याचे शुल्क वेगळे), आणि दुपारी एकच्या सुमारास, पाणी अर्ध्याहून जास्त चढल्यावर नाल्यात शिरावे. वर ऊन असले तरी आत सावली असते. दिवसा झोपलेल्या रातबगळ्यांचे थवे, मुळांवर चढलेली निवटी, झाडावर गुंडाळलेला खाडीतला पाणसाप, हे इथेच. होडी मिळाली नाही तर पायवाट आणि मनोरा आहे.

महाराष्ट्रात हीच आखणी चिपळूणजवळ वाशिष्ठीवर, मालदोलीच्या बाजूला जशीच्या तशी लागू पडते. तिथेही मगरी आहेत आणि तिथी-भरतीचा हिशेब कोकण किनाऱ्याला जास्त बिनचूक बसतो. तिथली वळणे वेगळी, तेव्हा ऊन कोणत्या काठावर आधी येते हे आदल्या दिवशी नकाशात बघून ठेवावे.

तीनच्या सुमारास पाणी पूर्ण चढते आणि पाण्यावरचे बघणे संपते. तेव्हा परत पणजीला जाताना रायबंदरचा जुना लांब रस्ता धरावा, पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेला, ज्याच्या कडेला मिठागरे आहेत. चिखल बुडाल्यामुळे हुसकलेले तुतवार, टिवळे, शेकाटे आणि सुरय याच बांधांवर दाटीने येऊन उभे राहतात, भरती ओसरेपर्यंत. गाडी वाहतुकीच्या बाहेर लावावी, पण आतून उतरू नये. काच खाली करून दारावर दुर्बीण टेकवली तर पक्षी वीस मीटरवरही उभे राहतात.